सही नसलेली चिठ्ठी

पत्र मंगळवारी चिपळूणला पोचलं. बुधवारी सकाळी साडेनऊला त्याचा फोटो महेंद्रच्या मोबाइलवर आला आणि पावणेदहाला महेंद्र शेजारच्या सखाराम गुरुजींच्या घरापुढच्या खळ्यात उभा होता. दोन घरांमध्ये एक दगडी गडगा आणि चार काजू आहेत. एवढं अंतर तो पळत आला होता.

गुरुजी वाळत घातलेली आमसुलं डाव्या हाताने परतत होते. त्यांची मुलगी दर्शना दहा-दहाची एसटी पकडायला निघाली होती. रत्नागिरीतल्या एका छापखान्यात ती अकरा वर्षं संगणकावर मजकूर जुळवण्याचं काम करत होती.

"गुरुजी, ह्ये तुमी का केलात?" महेंद्र म्हणाला.

"काय केलं?"

महेंद्रने मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. दर्शनाही वाकून बघू लागली. निळी शाई, रेघी कागद आणि गुरुजींचं अक्षर. उजवीकडे किंचित कललेलं, एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन तिथे शिरोरेषा होणारं. हात न उचलता लिहिल्यासारखं.

"सप्रेम जय भीम. आपल्या घरी ठरलेल्या मुलीला फिट येते. गेली तीन वर्षे औषध चालू आहे. ही गोष्ट आपल्यापासून लपवली गेली. विचार करावा."

खाली सही नव्हती.

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "पत्र माझं नाही."

"म्हंजे काय? अक्षर तुमचं नि पत्र शेजाऱ्याचं?"

"महेंद्र, मी असं लिहीन का?"

"मी पण त्येच बोल्लो व्याह्याला, हरिश्चंद्रला. तो काय बोल्ला सांगू? दुसऱ्या कुणाचं असतं तर फाडून चुलीत टाकलं असतं. गुरुजींच्या अक्षराला विचारायचं काय?" महेंद्रने मोबाइल खिशात टाकला. "माझ्या रसिकाला फिट येते? रोज एसटीने जाते, लॅबमध्ये लोकांचं रगात काढते, तिला फिट? बुद्ध पौर्णिमेचं लग्न, गुरुजी. एकोणीस दिवस ऱ्हायले. चारशे कार्डं छापून झाली. तीही तुमच्याच अक्षरात!"

 गुरुजींची बोटं आमसुलांच्या रसाने लाल झाली होती.

"रविवारी चार वाजता विहारात बसायचं," महेंद्र म्हणाला. "हरिश्चंद्र येतोय. तुमी सगळ्यांसमोर सांगा, ह्ये तुमचं हाय का नाय." गडग्यापाशी तो थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "मला अक्षर तुमी शिकवलंत, गुरुजी."

त्या वाडीत गुरुजींच्या चिठ्ठीला सही लागत नसे. हा नियम कुणी केलेला नव्हता. एकोणचाळीस वर्षं ते वाडीच्या बौद्ध समितीचे सचिव होते. बैठकीची सूचना, मुंबई शाखेला पत्र, मुंबईत वाडीच्या सामाईक खोलीवर राहायला जाणाऱ्या पोराच्या हातात द्यायचे चार शब्द, सगळं त्यांच्या हातचं. सुरुवातीला ते खाली नाव लिहीत. मग मुंबईच्या खोलीवरची माणसं म्हणू लागली की नाव कशाला, अक्षर बघितलं की कळतं. पुढे नाव लिहिणं राहिलंच. हरिश्चंद्र स्वतः विशीत अशीच एक चिठ्ठी घेऊन मुंबईला गेला होता. चिपळूणकडचा, या वाडीचा भाचा. त्या चिठ्ठीवर त्याला झोपायला जागा मिळाली आणि आठवड्याने नोकरी. ती चिठ्ठी त्याच्याकडे अजून होती. मंगळवारी त्याने ती पेटीतून काढून पोस्टाने आलेल्या पत्राशेजारी ठेवली, दोन्ही अक्षरं ताडून बघितली आणि मगच, बुधवारी सकाळी, महेंद्रला फोन केला.

महेंद्र गेल्यावर गुरुजी पायरीवर बसले.

"दर्शना, मी लिहिलं असेन का?"

पत्र बघून दर्शना हबकली होती, पण हा प्रश्न ऐकून तिने खांद्यावरची पर्स काढून पायरीवर ठेवली. "आबा, काय बोलताय?"

"अठ्ठ्याहत्तर पुरी झाली. फेब्रुवारीत रत्नागिरीला उतरलो आणि कशाला आलो ते आठवेना. तासभर स्टँडवर बसून होतो. तुला सांगितलं नाही." ते अगदी सरळ आवाजात बोलत होते, वर्गात हजेरी घेतल्यासारखे. "लिहिलं आणि विसरलो, असं असेल का?"

"तुम्ही कसं लिहिणार, आबा?" ती म्हणाली. "हाताकडे बघा."

त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला होता. तो थरथरत होता. थांबवायला त्यांनी डावा हात वर ठेवला, तर दोन्ही थरथरू लागले.

ही गोष्ट वाडीत दोघांनाच माहीत होती. दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात, जयंतीची निमंत्रणं लिहिताना, सातव्या की आठव्या पाकिटावर गुरुजींचा हात हलू लागला. डॉक्टरांनी सांगितलं की लकवा नाही, वयाचा कंप आहे, वाढत जाईल. गुरुजींनी घरी येऊन दौत कपाटात ठेवली आणि दर्शनाला सांगितलं की कुणाला बोलू नकोस.

मग दर्शनाने त्यांच्या अक्षराचा संगणकासाठी फाँट करायला घेतला. गुरुजींच्या जुन्या वह्या, समितीची इतिवृत्तं, शाळेचे दाखले, तिच्या आईला लिहिलेली पत्रं, सगळं तिने स्कॅन केलं. त्यांतून एकेक अक्षर उचललं, स्वच्छ केलं, जोडाक्षरं बसवली. आठ महिने लागले. खरी अडचण होती ती अक्षरं एकमेकांना जोडण्याची. छापातली देवनागरी अक्षरं रांगेत उभी असतात, गुरुजींची हात धरून चालत. प्रत्येक अक्षराची शेपटी पुढच्याला कुठे भेटते, हे तिने हजारावर जोड्यांसाठी बघितलं. शिवाय माणसाचा हात एकच अक्षर दोनदा तसंच काढत नाही, म्हणून प्रत्येकाची तीन तीन रूपं करायची ठरली. क, म, र, न, त यांची झाली. बाकीची पुढे करू म्हणून राहिली.

फाँटचं नाव गुरुजींनी ठेवलं, कमला. दर्शनाच्या आईचं.

पहिला कागद छापून आला तेव्हा ते बराच वेळ बघत बसले होते. मग त्यांनी नियम सांगितले आणि दर्शनाने ते लिहून घेतले. कार्डावर वधूवरांची नावं या अक्षरात चालतील. गुणपत्रावर विद्यार्थ्याचं नाव चालेल. भेटवस्तूवरची एखादी ओळ, पुस्तकाच्या पहिल्या पानावरची अर्पणाची ओळ चालेल. पत्ता, वेळ, फोन नंबर यांना कधीही लावायचं नाही, ते धावत्या एसटीत वाचता आले पाहिजेत. पाटीला नाही, औषधाच्या बाटलीला नाही. पूर्ण पानभर तर नाहीच. "हे मिरवायचं अक्षर आहे, राबवायचं नाही," ते म्हणाले होते. "आजूबाजूला साधी अक्षरं असली तरच हे उठून दिसतं. सगळेच नवरदेव झाले तर वरात कुणाची?"

आणि शेवटी, जरा थांबून, त्यांनी स्वतःसाठी एक सूट मागितली. समितीच्या सूचना आणि पत्रं त्या अक्षरात, निळ्या शाईत, रेघी कागदावर घरच्या प्रिंटरवर काढायची. शब्द माझेच, अक्षर माझंच, मधे फक्त यंत्र, असं त्यांचं म्हणणं. दर्शनाला ते तेव्हा पटलं होतं. तेव्हापासून वाडी ती पत्रं हातची समजून वाचत होती; कार्डांवरची नावंही गुरुजी लिहून देतात आणि मग ती छापतात, असंच सगळ्यांना वाटे.

दहा-दहाची एसटी चुकली. अकराच्या गाडीत खिडकीशी बसून दर्शनाने तो फोटो मोठा केला. 'मुलीला' या शब्दात दोन ल. 'लपवली'त दोन. 'चालू'त एक. तिने एकाचा फोटो कापून दुसऱ्यावर ठेवला. मग तिसऱ्यावर, चौथ्यावर. रेघ न् रेघ बसत होती. ल चं तिने एकच रूप केलं होतं.

हे हातचं नव्हतं. हा तिचा फाँट होता.

आबांचं डोकं ठिकाणावर आहे, हा सुटकेचा विचार हातखंब्याच्या फाट्यापर्यंत टिकला. मग तिच्या लक्षात आलं की कमला जगात फक्त दोन संगणकांवर आहे. एक त्यांच्या घरी, एक छापखान्यात. ती तो विकत नव्हती, कुठे टाकलेला नव्हता. म्हणजे पत्र लिहिणारा त्या दोनपैकी एका खुर्चीत बसला होता.

छापखान्याचे मालक विनोदशेठ कार्डांच्या गठ्ठ्यांना रबर लावत होते.

"शेठ, माझ्या मशीनवर कोण बसलं होतं का? गेल्या आठवड्यात?"

"मी बसलो होतो."

दर्शनाने त्यांच्याकडे बघितलं.

"एसीची हवा तिथेच येते म्हणून," विनोदशेठ म्हणाले. "मला मराठी टाईप करायला दोन बोटं आणि अर्धा दिवस लागतो, तुला ठाऊक नाही? काय झालं काय? तोंड का असं?"

तिने सांगितलं. विनोदशेठांनी रबर खाली ठेवलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं. तिथे मोसमातल्या कार्डांचे नमुने टाचलेले होते. मग त्यांनी बोट केलं.

"त्या पोरीला तू पाठवला नव्हतास का? मार्चमध्ये? व्हॉट्सॲपचं कार्ड तिला स्वतःच करायचंय म्हणाली होती ती."

बोट ज्या कार्डाकडे होतं त्यावर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची चित्रं होती, खाली 'मंगल परिणय' आणि मधोमध कमला अक्षरात दोन नावं. प्रज्ञेश. रसिका.

दर्शनाने मोबाइल काढला. एकोणीस मार्च, दुपारी बारा बेचाळीस. फाँटची फाइल तिनेच पाठवलेली होती. खाली रसिकाचा हात जोडलेला इमोजी. तिने वर सरकवून बघितलं. त्याच दिवशी, बारा तीसला, रसिकाचा एक संदेश होता.

"ताई कार्डं थोडी उशिरा छापली तर चालतील का"

खाली दर्शनाचं उत्तर. "कागद आलाय गं, उद्या मशीनवर." आणि अंगठा.

हे तिने लिहिलेलं होतं आणि तिला आठवतही नव्हतं.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती लॅबवर गेली. रसिका मागच्या जिन्यात डबा घेऊन बसली होती. तिच्याहून दहा वर्षांनी लहान, शेजारची, गुरुजींच्या हाताखाली मुळाक्षरं गिरवलेली. दर्शनाला बघून तिने डबा बंद केला. विचारण्याची गरजच पडली नाही.

"गुरुजींना कळलं?"

"अजून नाही. रसिका, अगं तुझं स्वतःचं लग्न! आणि स्वतःलाच फिट येते असं लिहिलंस?"

"मग कुणाला येते लिहू? त्याला?"

"हसण्यावारी नेऊ नकोस."

"हसत नाय मी." खरंच ती हसत नव्हती.  "ताई, आईला दोनदा सांगितलं, नको मला. ती बोलली, का? माणूस दारू पितो? नाय. काळा हाय? नाय. नोकरी नाय? हाय. मग का नको? मी बोलले, नको एवढंच. बाबा बोलले, 'नको एवढंच' ह्ये कारण नाय. कार्डं छापायला गेली." तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं. "सगळ्यांना कारण लागतं. म्हणून कारण दिलं. माझ्यावरच घेतलं, त्याच्यावर नाय टाकलं."

"पण आबांच्या अक्षरात?"

"माझ्या अक्षरातलं कोण खरं धरणार होतं? फाइल मोबाइलवर होती, प्रिंटर लॅबमधला. गुरुजींचं कुणी खोटं धरत नाय."

दर्शनाला तिच्या कानाखाली मारावीशी वाटली. तिने हात पदरात गुंडाळला.

"रविवारी आबांना विचारणार आहेत सगळे. लोक त्यांना काय म्हणतायत माहितीये? शेजारच्या पोरीचं लग्न मोडलंन् म्हाताऱ्याने, असं."

"मला वाटलं हरिश्चंद्रमामा गुपचूप नाय म्हणतील. पत्र दाखवतील असं वाटलं नाय." मग ती दर्शनाचा हात धरून म्हणाली, "ताई, गुरुजी बोलले की पत्र खोटं, तर लग्न परत उभं ऱ्हाईल. बारा तारखेलाच. हॉल अजून सोडलेला नाय."

दर्शनाने संध्याकाळी, दिवेलागणीआधी, सगळं गुरुजींना सांगितलं. ते रागावतील अशी तिची अपेक्षा होती. त्यांनी फक्त विचारलं, "ती नको म्हणाली होती? किती वेळा?"

"तीनदा. मला धरून चारदा, असं म्हणा."

गुरुजी आमसुलं टोपलीत भरू लागले. "म्हणजे असं आहे," ते म्हणाले. "पत्र माझं नाही म्हटलं तर तिचं लग्न लागतं. पत्र माझं आहे म्हटलं तर एकोणचाळीस वर्षांत मी लिहिलेलं पहिलं खोटं ठरतं. आणि नाही म्हटलं तरी लोक म्हणणार, सिद्ध करा. सिद्ध करायचं तर हात दाखवावा लागणार."

"मी सांगते ल चं. मोबाइलवर दाखवते."

"ल कुणाला कळतो, दर्शना? हात सगळ्यांना कळतो."

रविवारी चारला विहारात पन्नासेक माणसं होती. पुढे सतरंजीवर हरिश्चंद्र आणि त्याचा भाऊ. समितीचे अध्यक्ष रावजी खुर्चीत. महेंद्र त्यांच्या बाजूला ताठ बसलेला. बायका डावीकडे, त्यांत आईला चिकटून रसिका. मागच्या भिंतीला मुलांच्या रविवारच्या वर्गाचा फळा होता, त्यावर सकाळची बेरीज तशीच.

हरिश्चंद्रने पत्र सतरंजीवर ठेवलं. शेजारी ती जुनी, घडीवर फाटलेली चिठ्ठी ठेवली.

"गुरुजी, मी भांडायला आलो नाय," तो म्हणाला. "ह्या चिठ्ठीवर माझा संसार झाला. म्हणून ह्या दुसऱ्या कागदावर मी पोराचं लग्न थांबवलं. एकच सांगा. तुमचं हाय का?"

गुरुजी उठले. फळ्यापर्यंत गेले. डाव्या हाताने बेरीज पुसली आणि खडू उजव्या हातात घेतला.

"हरिश्चंद्र, तुझं नाव लिहितो."

त्यांनी 'ह' काढायला सुरुवात केली. खडू फळ्यावर टकटक वाजू लागला. रेघ खाली यायच्या ऐवजी बाजूला गेली, परत आली, तुटली. वाडीने एकोणचाळीस वर्षं बघितलेलं ते वळण फळ्यावर करवतीच्या दातांसारखं उमटत होतं. 'र' त्यांनी दोनदा काढला. दुसऱ्यांदा खडू मोडला. अर्धा तुकडा उचलून त्यांनी पुढे लिहिलं. 'हरिश्चंद्र' हा शब्द लिहायला दोन मिनिटं लागली आणि तो पहिलीतल्या मुलाने लिहिल्यासारखा दिसत होता.

 बायकांमधून कुणाचा तरी "अगो बाय" असा उद्गार आला आणि तोंडावर पदर गेला. रावजी खुर्चीतून अर्धे उठले होते, तसेच राहिले.

"दोन वर्षं असं आहे," गुरुजी म्हणाले. "दोन वर्षांत तुम्हाला माझ्या अक्षरात जे कागद मिळाले, ते सगळे यंत्रातले. जयंतीची निमंत्रणं, मुंबईची पत्रं, सगळे. मजकूर माझा होता. पण हात माझा आहे असं तुम्ही समजत होता आणि मी समजू दिलं. ही माझी चूक."

"म्हंजे... गेल्या साली माझ्या पोराला दिलीत ती?" रावजींनी विचारलं.

"तीही."

रावजी खाली बसले. त्यांचा मुलगा ती चिठ्ठी फ्रेम करून घेऊन गेला होता.

"हे पत्रही यंत्रातलं," गुरुजी म्हणाले. "पण याचा मजकूर माझा नाही. तो खोटा आहे. मुलीला फिट येत नाही. कुणी लिहिलं ते मला माहीत आहे, आणि ते मी सांगणार नाही."

एकदम गलका झाला. महेंद्र उभा राहिला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बगा! मी बोल्लो होतो का नाय? माझी पोर ठणठणीत हाय!" हरिश्चंद्रने मोठा श्वास सोडला आणि भावाकडे बघितलं. भाऊ हसला. "मग झालं तर," हरिश्चंद्र म्हणाला. "महेंद्र, झालं गेलं विसर. बारा तारीख ती बारा तारीख. ज्याने लिहिलंन् त्याला बुद्ध बघून घेईल."

दर्शनाने रसिकाकडे बघितलं. रसिका हात मांडीत घालून बसली होती आणि तिचा चेहरा अगदी मोकळा, रिकामा झाला होता, निकाल लागून गेल्यावर होतो तसा.

"थांबा," गुरुजी म्हणाले. ते अजून फळ्यापाशीच होते. "मला विचारलंत. मी उत्तर दिलं. आता तिला विचारा."

"कुणाला?" महेंद्र म्हणाला.

"रसिकाला."

"तिला काय विचारायचं?"

"लग्न करायचं आहे का."

काही माणसं हसली. हरिश्चंद्र हसला नाही. त्याने मान वळवली आणि त्या मुलीकडे, जिच्यासाठी तो दोनदा पेढे घेऊन आला होता, पहिल्यांदाच नीट बघितलं.

रसिका उठली. आईने तिचा हात खाली ओढला. तो तिने सोडवला.

"नाय करायचं," ती म्हणाली. "पत्र मी लिहिलं."

त्यानंतरचं अर्धं मिनिट दर्शनाला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. रसिकाची आई आडवी झाली होती आणि दोघी तिला पाणी पाजत होत्या. महेंद्र हात उगारून पुढे गेला आणि मधेच थांबला, कारण रावजी मधे उभे होते. कुणीतरी मोठ्याने विचारत होतं, "स्वतःलाच फिट? स्वतःलाच?"

"अगं पण सांगायचंस ना!" हरिश्चंद्रचा आवाज सगळ्यांवर गेला. "आमी काय कसाई हाव? माझा पोरगा दोन महिने हापिसात मिठाया वाटतोय. एक शब्द बोलायचास!"

"सांगितलं, मामा. आईला दोनदा सांगितलं. बाबांना एकदा."

"मलाही सांगितलं होतं," दर्शना म्हणाली. ती कधी उभी राहिली ते तिलाच कळलं नव्हतं. "कार्डं उशिरा छापा म्हणाली होती. मी विचारलं नाही का ते. अंगठा पाठवला."

महेंद्र खाली बसला. त्याने तळहात सतरंजीवर टेकले.

पाच वाजून दहा मिनिटांनी हरिश्चंद्रने घड्याळ बघितलं. त्याचा राग गेलेला नव्हता, पण शेवटची गाडी सहाला होती. "मला लेखी पायजे," तो म्हणाला. "उद्या मुंबईत लोक विचारतील, पोरात खोट होती का पोरीत. समितीचा कागद द्या."

रावजींनी कपाटातून रेघी कागद आणि पेन काढलं आणि सवयीने गुरुजींसमोर धरलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

गुरुजींनी कागद घेतला आणि रसिकासमोर ठेवला.

"तू लिही."

"माझं अक्षर चांगलं नाय, गुरुजी."

"ठाऊक आहे. मीच शिकवलंय."

ती सतरंजीवर वाकून लिहू लागली. अक्षर बारीक, उभं, सुटं सुटं, रक्ताच्या तपासणीच्या चिठ्ठीवर लिहितात तसं. तिने लिहिलं की मुलात कोणतीही खोट नाही, मला कोणताही आजार नाही, मी आधी लिहिलेलं खोटं होतं, त्याबद्दल प्रज्ञेश आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागते, मला हे लग्न करायचं नाही. एका जागी खाडाखोड झाली. गुरुजींनी ती सुधारली नाही. कागद वाचून त्यांनी परत तिच्याकडे सरकवला.

"खाली सही कर. तारीख घाल."

तिने केली. मग हरिश्चंद्र म्हणाला, "साक्षीदार?"

गुरुजींनी पेन मागून घेतलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि रसिकाच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. ते ओळ सोडून खाली गेलं, शेवटचा 'म' कागदाच्या कडेला जेमतेम मावला. तोवर सगळे थांबले होते.

हरिश्चंद्रने तो कागद जुन्या चिठ्ठीच्या घडीत घालून खिशात ठेवला. तिसरा कागद, निळ्या शाईचा, त्याने उचललाच नाही. तो सतरंजीवर पडून राहिला. शेवटी दर्शनाने तो उचलला, आणि महेंद्रच्या घरात कुणी ओरडत नाही ना, हे ऐकत ती गडग्यापर्यंत वडिलांच्या मागून चालत गेली.